दर्याचं मीठ

मंगरूळपीर
२४ एप्रिल १९७७

अजितकुमार,

तुले पत्र लिहाची या घरात मनाई आहे हे तुले ठाऊक आहे. तरी लिहून राह्यली. आपल्या दुकानातल्या देवमनच्या हातानं पेटीत टाकते, म्हणजे तुह्या बाबायले कळणार नाही. कळलं तर कळलं, आता मी भ्यायचं काहून?

महावीर जयंतीले मंदिरात मूर्तीपुढं हात जोडून, चार माणसायच्या देखत, तुह्या बाबायनं नेम घेतला. माह्याच शेजारी उभे होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला. म्हणले, "माहा पोरगा दर्या सोडून घरी येत नाही तोवर दर्याचं मीठ माह्या तोंडी लागणार नाही." मले आधी काही सांगतलं नाही, विचारलं नाही. मी तिथंच डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. घरी येऊन भांडली तर म्हणतात, झालं ते झालं, आता फोडणी दे.

तेव्हापासून अळणी वरण, अळणी भाकर, अळणी भाजी. लोणचं नाही, पापड नाही. अन् गंमत पाह्य, दिवसभर दुकानात बसून गावाले मीठ तोलून देतात! खड्याच्या मिठाचं पोतं त्यायच्या मांडीशी. मी म्हणलं, विकता कसं मंग? म्हणाले, नेम माहा आहे, गिऱ्हाइकाचा नाही.

हे सगळं दिवाळीपासून आलं. तुले आठवते ना? तू जेवता जेवता सांगून राह्यला होता, का आमी संस्थेच्या जहाजावरून समुद्राचं पाणी खोलातून बाटलीनं वर काढतो, गाळतो, गाळलेलं कागदावर वाळवतो अन् तोलतो. तळाचा गाळ वर आणतो, त्यातले किडे वेगळे काढतो. आपल्या घरात पाणी गाळलं का गाळण्यात अडकलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत, पाण्याले बादली टेकवून, हळूच सोडा लागते. माह्या सासूनं लग्नानंतर मले पहिली हीच गोष्ट शिकवली. बाबायनं तुले साधं विचारलं, "अन् त्या पाण्यातली जिवाणी परत सोडता ना?" एखादं पोट्टं हाव म्हणून मोकळं झालं असतं. तू म्हणला, "बाबा, औषधाचे थेंब टाकल्यावर जिवाणी कुठली राहते?" अरे, घास तर गिळू द्यायचा होता!

ते तुले दर्याचा कसाई म्हणले, हे चुकलंच. तू ताट सारून उठला, तेही चुकलं. पण आता ते वाळून चालले. उन्हाळा तुले माहीत आहे इथला, सदरा अंगाले चिकटून राहते, घाम पुसून पुसून पंचा वल्ला होते. अंगातलं मीठ निघून चाललं अन् आत काही जाऊन नाही राह्यलं. तू ये. दारात उभा राहून एवढंच म्हण, का सोडली नोकरी. मंग आठ दिवसानं परत जाय. मी कोणाले सांगणार नाही.

तुही आई
कंचनबाई


मंगरूळपीर
९ मे १९७७

अजित,

तुहं पत्र भेटलं. वाचून डोस्कं भणाणलं. नोकरी सोडता येत नाही, ठीक आहे. पंधरा तारखेले जहाज निघते, महिनाभर दर्यावर राहाचं आहे, तेही ठीक. पण "सोडली असं खोटं सांगायला मी येणार नाही," हे लिहाले तुहा हात कसा चालला? मी तुले काय चोरी कराले सांगतली? बापलेक एका साच्यातले! एक मिठासाठी मरून राह्यला अन् एक खऱ्यासाठी मारून राह्यला.

अन् मले सांगतोस, "तू त्यांना समजाव." मी समजावलं नसन का? सगळं करून पाह्यलं. परवा वरणात उलीसक मीठ टाकलं. उलीसक म्हणजे चिमटीत राहीन एवढं. पहिला घास तोंडात गेला अन् ते थांबले. माह्याकडे पाह्यलं नाही, रागावले नाही. उठून चूळ भरली, परत भरली, अन् तो दिवस अन् दुसरा दिवस उपास केला. माह्या पापाचा उपास त्यायनं केला. त्यानंतर माह्या जिवाची काय गत झाली ते तुले लिहिता येत नाही.

आता पोटऱ्यायले गोळे येतात. बसल्या जागी चक्कर येते. चार दिवस पोट बिघडलं होतं, त्यात होतं नव्हतं ते गेलं. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, काकू, यायच्या रक्तातलं मीठ कमी झालं, पाणी पाजाल तेवढं वाईट होईन, मीठ द्या. मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, तेवढं सोडून काहीही मागा.

मंग काल दुकानात बसल्या बसल्या मले एकदम सुचलं. नेमात ते काय बोलले? "दर्याचं मीठ". मीठ नाही म्हणले, दर्याचं मीठ म्हणले! अन् आपल्या दुकानात मागच्या फळीवर सैंधव पडलं आहे, उपासाचं, गुलाबी खडे. ते तर डोंगरातून निघते. मी धावत घरी आली. चपला घालाच्याही राह्यल्या.

त्यायनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "अजितले विचार."

मी म्हणलं, "काय?"

"मिठाचं त्याले कळते. तो म्हणन सैंधव दर्याचं नाही, तर मी खाईन. दुसऱ्या कोणाचं मी मानणार नाही."

अजित, त्यायच्या तोंडून तुहं नाव ऐकून मले रडू आलं. दिवाळीपासून ते तुले "तो" म्हणतात, नाहीतर कसाई. तुह्यावर इतका राग आहे, अन् भरवसा फक्त तुह्यावर! तू नोकरी लागल्यावर पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, समुद्राच्या हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ असते, ते त्यायले पाठ आहे. गिऱ्हाइकायले सांगतात. माह्या मागं लागतात, पस्तीसच काहून? नदी जिथं पडते तिथं कमी होत नसन का? मी काय सांगू? मी म्हणते, पोट्ट्याले विचारा. तर तराजू पुसाले घेतात.

आता तुले काय कराचं ते सांगते. एका ओळीचं पत्र लिही. "सैंधव डोंगरातून निघते, त्याचा दर्याशी संबंध नाही." बस. खाली सही. बाबायच्या डोळ्यायवर पडदा आला आहे, वाचून मीच दाखवणार, पण त्यायले सही चाचपून पाहाची सवय आहे. जहाज निघाच्या आधी टाक. हात जोडते. पोराले आईनं हात जोडू नये, पण जोडते.

कंचनबाई


मंगरूळपीर
२४ मे १९७७

अजित,

तू जहाजावर असशीन. हे पत्र तुह्या संस्थेत पडून राहीन हे ठाऊक आहे. तरी लिहिल्याशिवाय मले घास जाऊन नाही राह्यला.

काय रे केलं हे? मी एक ओळ मागितली अन् तू दोन पानं लिहिली! पहिली ओळ वाचून माहा जीव भांड्यात पडला. "सैंधव डोंगरातल्या खाणीतून निघते हे खरे." मी मोठ्यानं "खरे" म्हणलं बी. अन् पुढचा शब्द पाह्यला तर "पण".

मी तिथंच थांबली. बाबा खाटेवर पडले होते, मान माह्याकडे वळवून. मी कागदावर बोट ठेवून माह्या मनचं वाचलं. "त्याचा दर्याशी संबंध नाही. बाबांनी खुशाल खावे."

ते म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचताना मी "खुशाल" विसरली, "पोटभर" म्हणून बसली. ते हसले. इतक्या दिवसानं हसले, अन् तेही माही चोरी पकडाले. म्हणाले, "अजितच्या पत्रात 'पण' नाही असं कधी झालं का? तो भाकर मागतानाही पण म्हणे. खरं वाच, कंचन."

मंग वाचलं मी खरं. तुहे ते डोंगर आधी समुद्र होते म्हणे. करोडो वर्षांपूर्वी तो समुद्र आटला, मीठ तळाशी बसलं, वर गाळाचे थर चढले, हजार वर्षांत नखाएवढा थर, अन् मंग जमीन उचलली. "तेव्हा सैंधव हेही समुद्राचेच मीठ." किती साजरं लिहिलंस! शाळेच्या पुस्तकात छापाले पाठव. माह्या घरात एक माणूस मिठावाचून तडफडून राह्यला, अन् तू मले करोडो वर्षांपूर्वीचं सांगतोस? तो समुद्र आटला तेव्हा तिथं कोण होतं पाहाले? तू होता का?

पण मी पुढचंही वाचलं. लबाडी नाही केली. तू लिहिलंस, समुद्रात मीठ आलं कुठून? बरंचसं जमिनीतूनच. पाऊस खडक झिजवते, त्यातले क्षार नदी घेऊन जाते, आपली अडाण नदी बी नेते. त्या हिशोबानं दर्याचं मीठ हे जमिनीचंच मीठ. "मी दोन्ही लिहिले. काय मानायचे ते बाबांनी ठरवावे."

मी त्यायचा हात धरला. म्हणलं, "ऐका ना, पोरगा स्वतः म्हणून राह्यला, मीठ जमिनीचं आहे. आपल्याच नदीचं. आता तरी खा."

ते म्हणाले, "पहिली गोष्ट त्यानं मिठाची सांगतली. दुसरी बापाच्या जिवाची सांगतली. मी पहिली मानतो."

अन् खुश झाले! काय सांगू तुले, चेहऱ्यावर तेज आलं. देवमनले हाक मारली, त्याले सांगतलं, "पाह्य, बाप मरून राह्यला हे माहीत असून पोट्टा मिठाबद्दल खोटं बोलला नाही." देवमन बिचारा माह्याकडे पाहून राह्यला. त्याले समजेना हसावं का रडावं. मलेही समजलं नाही.

तुहं पत्र उशीखाली ठेवलं आहे. मधातच काढतात, सहीवरून बोट फिरवतात. खुश आहेत अन् मरून राह्यले. हातापायात जोर राह्यला नाही. काल मले माह्या सासूच्या नावानं हाक मारली.

मी त्यायले म्हणलं, पोरावर इतके खुश आहा तर नेम सोडा. म्हणाले, "नेम मी पोरासोबत नाही केला. ज्याच्यापुढं केला त्याले काय सांगू?"

मी तुह्यावर चिडली आहो. तुह्यावर चिडून बी मले वाटते का माह्या पोटचा आहे. हे दोन्ही एकदम कसं वाटते ते तूच एखाद्या बाटलीत घालून मोज.

कंचनबाई


मंगरूळपीर
३ जून १९७७

अजित,

तुह्या संस्थेले तार केली. उत्तर आलं, जहाज समुद्रात आहे, निरोप पोचवाचा प्रयत्न करू. प्रयत्न! इतकी मोठी संस्था, दर्याच्या तळाचा गाळ वर आणता येते, अन् माह्या पोराले एक निरोप खाली पोचवता येत नाही.

परवा दुपारी बाबा बेशुद्ध झाले. आधी हातपाय आखडले, दातखिळी बसली, मंग एकदम सैल. मी हाका मारल्या, कानात णमोकार मंत्र म्हणला, काही नाही. देवमननं सरकारी दवाखान्यात धाव घेतली. डॉक्टर मेडशीले गेले होते. आपल्या गल्लीतल्या पुंजाजीची पोरगी वच्छला, जी तिथं नर्स आहे, ती आली. सोबत डॉक्टरनं सांगून ठेवलेली सलाईनची बाटली.

मी बाटली पाहूनच विचारलं, "यात काय आहे?"

ती म्हणाली, "मिठाचं पाणी, काकू."

मी तिचा हात धरला. तिले आमचा नेम ठाऊक होता, साऱ्या गावाले ठाऊक आहे. तिनं हात सोडवला नाही, सुई तशीच धरून उभी राह्यली. म्हणाली, "काकू, तुमी हाव म्हणाल तर लावते. नाही म्हणाल तर मी इथंच बसते, पण मंग काही उपयोग नाही. लवकर सांगा."

अजित, तू नव्हता. कोणीच नव्हतं. माह्या डोक्यात एकच चाललं होतं, नेमातले शब्द. "तोंडी लागणार नाही." मी विचारलं, "हे तोंडातून जाते का?"

"नाही काकू, शिरेतून जाते. तोंडाचा संबंध नाही."

मी म्हणलं, "लाव."

लाव म्हणताना मले माहीत होतं का हे मी देवाले फसवून राह्यली. तोंडाले लागलं नाही, असं कोणाले सांगाचं? तरी म्हणलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा म्हणीन. थेंब थेंब पाणी जाऊन राह्यलं होतं अन् मी बाटलीकडे न पाहता त्यायच्या पायाकडे पाहून राह्यली होती. वच्छलानं मले पाणी देल्लं. ते मी गाळलं बी नाही, तसंच पेली. लग्नानंतर पहिल्यांदा.

ते जगले. काल सकाळी डोळे उघडले. हाताले पट्टी पाह्यली. अजून बोलले नाहीत, पण जगले. एवढं लिहाले बसली होती. आता ते विचारतील तेव्हा मी काय सांगू, हे काही सुचून नाही राह्यलं.

आई


मंगरूळपीर
११ जून १९७७

अजित,

तुहं जहाज पंधरा तारखेले लागणार असं संस्थेतून दुसरी तार आली. तेव्हा ही सगळी पत्रं तुले एकदम भेटतील. बाकीची गाडीत वाच. हे वाचून झालं का उठ. बोरीबंदर, अकोला, जिकडून जवळ पडन तिकडून ये. जऊळक्याच्या स्टेशनवर देवमन रोज एक चक्कर मारन, मी त्याले सांगून ठेवलं आहे.

बाबायनं विचारलं. मी खोटं नाही बोलली. म्हणलं, मीच हाव म्हणली. पण तोंडी नाही लागलं, शिरेतून गेलं, तुमचे शब्द शाबूत आहेत.

ते म्हणाले, "आधी वरणात मीठ. मंग पोराच्या पत्रात तुही ओळ. आता माह्या नेमात तुहा अर्थ. कंचन, मी मेलो असतो तर माहं काही गेलं नसतं." एवढं बोलले, अन् तेव्हापासून माह्याशी एक शब्द नाही.

रागावले असते तर मी सोसलं असतं. मी भांडली असती, तुले माहीत आहे माहं तोंड. पण ते मले पाहतच नाहीत. मी खोलीत गेली का डोळे मिटतात. ताट नेलं तर हात लावत नाहीत. नेम मोडला, ते स्वतःच देवमनले म्हणले, मोडलेला नेम शिवता येत नाही, आता मीठ खाल्लं काय अन् नाही खाल्लं काय. म्हणजे मीठ चालते! फक्त माह्या हातचं चालत नाही. पाणी सुद्धा नाही. उठवत नाही तरी भिंतीले धरून विहिरीवर जातात, स्वतः काढतात, स्वतः गाळतात, अर्धं अंगावर सांडते. जिवाणी सोडाले वाकले तेव्हा मी मागून त्यायच्या सदऱ्याजवळ हात धरून उभी, का तोल गेला तर ओढीन. दुकानातले अळणी फुटाणे अन् गूळ, एवढ्यावर आहेत. देवमन म्हणाला, मी भाकर आणतो घरून, तर म्हणाले, ती बी तिनंच सांगतली असन.

वच्छला येऊन नाडी पाहून जाते. तिनं मले बाजूले घेऊन सांगतलं, काकू, परत आखडले तर दुसरी बाटली लागू पडन का नाही माहीत नाही, छाती कमजोर झाली. पोटातून मीठ गेलं पाहिजे. कोणाच्या तरी हातचं खाऊ द्या.

कोणाच्या? मी विचार करून थकली. गावात सगळे माह्याच बाजूचे आहेत, सगळ्यायले वाटते मी केलं ते बरोबर केलं. म्हणून कोणाचंच ते खाणार नाहीत.

तुह्या हातचं खातील. तू त्यायले खोटं लिहिलं नाही. तेव्हा मी तुले काय काय बोलली, तो सगळा राग परत घेते. तू खोटं लिहिलं असतं तर आज त्यायले भरवसा ठेवाले घरात कोणी राह्यलं नसतं.

अन् अजून एक आहे, ते तुले सांगाले लाज वाटते. तुह्याशी अबोला होता तेव्हा ते दिवसातून चार डाव तुहं नाव माह्याजवळ काढत. कसाई म्हणत, पण काढत. आता माह्याशी अबोला आहे, अन् माहं नाव काढाले त्यायच्याजवळ कोणीच नाही. मनातल्या मनात बोलत असतील. त्यायचे ओठ हलताना मी खिडकीतून पाह्यले.

म्हणून तू ये. नोकरी सोडू नको, आता अट राह्यली नाही. दर्याचा जसा आहेस तसा ये. त्यायच्या खाटेवर बस, मी किती लबाड आहो ते त्यायच्या तोंडून सगळं ऐकून घे, मधात माही बाजू घेऊ नको. त्यायचं बोलून झालं का भाकर कुस्करून मीठ टाक अन् भरव. मी मागच्या दारी थांबते. जेवण होईपर्यंत माहा आवाज त्यायच्या कानी नाही पडला पाहिजे.

तुही आई